शेजारधर्म: ख्रिस्ती प्रीती आणि आपली मैत्री



न्यूझीलंडमध्ये स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांची ख्रिस्ती धर्माशी रोजच गाठ पडते. मुलांच्या शाळांना संतांची नावे आहेत, वस्तीच्या कोपऱ्यावर लाकडी चर्च आहे, भर उन्हाळ्यात येणाऱ्या नाताळाला शेजारी घरचा केक आणून देतात. 2023 च्या जनगणनेत या देशातील निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्याला कोणताही धर्म नसल्याचे नोंदविले. स्वतःला ख्रिस्ती म्हणविणारे सुमारे एक तृतीयांश उरले आहेत. तरीही शेजाऱ्याच्या अडचणीत धावून जाण्याची जी सवय या समाजात दिसते, तिच्यामागे त्या धर्माची शिकवण मोठ्या प्रमाणात उभी आहे. तिच्याकडे आपण सहसा संशयाने पाहतो, किंवा सौजन्याने हसून पुढे जातो. बाबासाहेबांनी आपल्याला प्रत्येक धर्माची चिकित्सा करावयास शिकविले. चिकित्सेत दोष दाखविणे जसे येते, तसेच जे घेण्याजोगे आहे ते प्रामाणिकपणे मान्य करणेही येते. हा लेख त्या दुसऱ्या भागासाठी आहे, पहिला भाग न विसरता.

गेल्या जुलैमधील एक प्रसंग सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण त्यातील चूक माझी आहे.

अमरावतीकडील एक तरुण जोडपे आपल्या चार वर्षांच्या मुलासह हट खोऱ्यात राहावयास आले होते. 14 एप्रिलच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि तो मला ‘दादा’ म्हणू लागला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याची नोकरी गेली. त्याचा कामाचा व्हिसा नोकरी देणाऱ्या कंपनीशी बांधलेला होता, आणि अशा व्हिसावर असलेल्यांना येथील सरकारी बेकारी भत्ता सहसा मिळत नाही. त्याने आपल्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी लिहिल्या: कुठे काम असल्यास कळवावे, जयभीम. त्याखाली एकोणीस जणांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. त्यांतले एक चित्र माझे होते. त्यानंतर मी तो विषय विसरलो.

सुमारे सहा आठवड्यांनी आमच्या शेजारच्या बाईंनी मला कुंपणापाशी थांबविले. त्या सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त परिचारिका आहेत. माझी मुलगी त्यांना ‘नॅना’ म्हणते. दर मंगळवारी त्या आपल्या चर्चच्या फूडबँकेत डबे आणि पिशव्या लावण्याचे काम करतात. त्यांनी विचारले, “भारतीय कुटुंबाला खरोखर कोणती डाळ लागते? आमच्याकडे एक कुटुंब येते, त्यांना आम्ही आपले डब्यातले स्पॅगेटीच देत आहोत. ते लहान मूल खात नसेल असे मला वाटते.” त्यांनी नाव सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मला ते कळले होते. ते कुटुंब माझ्या घरापासून सहा किलोमीटरवर राहत होते.

त्या संध्याकाळी मी तूरडाळ, तांदूळ आणि पीठ घेऊन त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा: “तिथे तुम्हाला प्रार्थना वगैरे करायला सांगतात का?” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “नाही दादा. त्यांनी फक्त बाळाच्या बुटांचं माप विचारलं.”

तेव्हा माझी आई नागपूरहून आमच्याकडे आलेली होती. घरी आल्यावर मी तिला सारे सांगितले. ती म्हणाली, “आपल्या वस्तीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही तं साऱ्यांना मालूम पडे. तुम्ही तं सारे फोनवर असता, तरी तुम्हाला मालूम नाही.”

या तीन माणसांच्या बोलण्याने मला जो विचार करावयास लावला, तो येथे मांडतो.

शेजाऱ्यावर स्वतःवर करतो तितकेच प्रेम करावे, ही येशूच्या शिकवणीतील मध्यवर्ती गोष्ट. मराठी ख्रिस्ती परंपरेत तिला ‘प्रीती’ हा शब्द रूढ आहे. परंतु शेजारी म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला केला, तेव्हा त्याने व्याख्या न देता गोष्ट सांगितली. ती लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. त्या वाटेने एक याजक गेला, त्याने पाहिले आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. मंदिराच्या सेवेतील लेवीही तसाच गेला. मग एक शोमरोनी आला. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे भरले.

आपण ही गोष्ट वाचताना एका ठिकाणी थांबले पाहिजे. शोमरोनी लोकांशी त्या काळचे यहूदी व्यवहार टाळत. त्यांना अशुद्ध, धर्मबाह्य मानीत. याजक का थांबला नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही. पण याजकाला प्रेताचा विटाळ होतो, असा नियम त्यांच्या धर्मशास्त्रात होता, आणि रस्त्यावरचा माणूस मेलेला वाटला असणे शक्य आहे. विटाळाचे नाव काढताच आपल्या घरांतील कोणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. तिच्यात माणुसकी कोण दाखवितो? ज्याला समाजाने बाहेर ठेवले आहे तो. आणि गोष्ट संपताना येशू मूळ प्रश्न उलटा करतो. माझा शेजारी कोण, याऐवजी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असे तो विचारतो. शेजार हा अशा रीतीने राहण्याच्या जागेवर वा जातीवर न ठरता कृतीवर ठरतो. सहा किलोमीटरवरील ‘दादा’ शेजारी झाला नाही. फूडबँकेतील परिचारिका झाली.

ही शिकवण न्यूझीलंडमध्ये कशी रुजली, याचे एक उदाहरण वेलिंग्टनमध्ये आजही पाहता येते. सुझान ओबेर ही 1835 साली फ्रान्समध्ये जन्मलेली स्त्री 1860 मध्ये येथे आली. व्हांगानुई नदीकाठच्या हिरुहारामा या गावी माओरी लोकांत राहून तिने 1892 मध्ये एक भगिनीसंघ स्थापन केला. 1899 मध्ये ती वेलिंग्टनला आली आणि 1901 मध्ये तिने भुकेल्यांसाठी सूप किचन सुरू केले. त्या भगिनींचे हे काम आज सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे. तिने कष्टकरी आईबापांच्या मुलांसाठी पाळणाघर चालविले, आणि 1907 मध्ये आयलंड बे येथे बालकांसाठी मोठे निवासगृह उघडले. विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेली मुले ती घेई, पंथ विचारीत नसे, आणि त्यांच्या आईबापांची नावे उघड करीत नसे. स्वतःच्याच चर्चमधील वरिष्ठांना हे रुचले नाही. तेव्हा ती 1913 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, रोमला गेली आणि 1917 मध्ये आपल्या संघाला पोपची मान्यता मिळवूनच परतली. यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तिने प्रेमाला रोजच्या वेळापत्रकात बसविले: किती वाजता सूप शिजेल, कोण वाढील. आणि मदत घेणाऱ्याला आपली कुलकथा सांगण्याच्या सक्तीतून तिने मुक्त केले.

परंतु चिकित्सेचा पहिला भाग विसरावयाचा नाही, असे मी आरंभी म्हटले. याच देशाच्या तारानाकी प्रांतात पारिहाका नावाचे माओरी गाव आहे. तेथील नेते ते व्हिती आणि तोहू यांनी बायबल वाचले होते आणि जमिनी बळकाविणाऱ्यांपुढे शस्त्र न उचलण्याचा मार्ग स्वीकारला होता. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सुमारे सोळाशे सशस्त्र शिपाई आणि स्वयंसेवक त्या गावावर चालून गेले. त्यांच्यासमोर मुले गात बसली, आणि गावकऱ्यांनी सैनिकांना भाकरी देऊ केली. शत्रूवरही प्रेम करावे हे वचन त्या दिवशी गावकऱ्यांनी पाळले. ज्यांनी त्यांना बायबल आणून दिले होते, त्यांच्याच बांधवांनी मात्र गाव उद्ध्वस्त केले. नेत्यांना खटला न चालविता तुरुंगात ठेवण्यात आले. सरकारने औपचारिक क्षमा मागितली ती 2017 साली. अलीकडील गोष्ट पाहावयाची तर, जुलै 2024 मध्ये शाही चौकशी आयोगाने आपला अंतिम अहवाल दिला. 1950 ते 2019 या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखभालीत असलेल्यांपैकी अंदाजे दोन लाख व्यक्तींवर अत्याचार झाले, असे त्यात नमूद आहे. त्या संस्थांच्या दारांवरही करुणेचीच नावे होती.

बाबासाहेबांनी हा विरोधाभास फार पूर्वी ओळखला होता. येशूविषयी आणि मिशनऱ्यांनी उभारलेल्या शाळा-रुग्णालयांविषयी त्यांना आदर होता, आणि तो त्यांनी लपविला नाही. परंतु दक्षिणेत चर्चमध्येसुद्धा जातिभेद पाळला जातो, हे त्यांनी ख्रिस्ती बांधवांना स्पष्टपणे सुनावले. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील लेखनात त्यांनी आणखी खोल आक्षेप घेतला. तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या पापात आहे असे शिकविले की, दुःखी माणूस भोवतालची अन्यायी व्यवस्था बदलावयास प्रवृत्त होत नाही. प्रेमाने दिलेली भाकरी पोट भरते. पण ती भाकरी हिसकावली कोणी, हा प्रश्न विचारला गेला नाही, तर देणारा सदैव वर आणि घेणारा सदैव खाली राहतो.

म्हणूनच ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब प्रेमापाशी न थांबता मैत्रीपर्यंत जातात. करुणा माणसांपुरती असते, मैत्री प्राणिमात्रापर्यंत पोहोचते, असा भेद ते करतात. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतही त्यांनी बजावले की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता ही वरवरच्या रंगाच्या थराइतकीच उथळ राहतील.

आणि ही मैत्री केवळ ध्यानाला बसून करावयाची भावना आहे, असे समजण्याचे कारण नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारे आणि वरची म्हणजे श्रमण. प्रत्येक दिशेशी कसे वागावे, हे मोजून पाच-पाच कर्तव्यांत सांगितले आहे. मित्राशी वागण्याच्या कर्तव्यांत दान आहे, गोड बोलणे आहे, त्याच्या हिताचे काम करणे आहे, आणि चौथे कर्तव्य आहे ‘समानत्तता’: त्याला आपल्याबरोबरीचा मानून वागणे. स्वतःइतकेच प्रेम करा, ही ख्रिस्ती शिकवण आणि समानत्तता यांच्यातील नाते उघड आहे. पण दान आणि समता एकाच यादीत शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे देणाऱ्याला अहंकाराची जागा उरत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग तर आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले होते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना सांगितले की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची आहे, त्याने आजाऱ्याची करावी. आईबापांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न जितका लागू पडतो, तितका क्वचितच कोणाला पडत असेल. मत्तयकृत शुभवर्तमानात येशूही जवळजवळ हेच सांगतो: सर्वांत लहान माणसासाठी जे केले, ते माझ्यासाठी केले. दोन परंपरा येथे इतक्या जवळ येतात की कोणी कोणाकडून शिकावे, हा वाद निरर्थक ठरतो. कोण आचरणात आणतो, एवढाच प्रश्न उरतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी ही गोष्ट एका घराच्या चित्रातून दाखविली. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की आईने हवे तर बौद्ध व्हावे, बापाने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी. आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने नांदावे. अहमदनगर आणि जालना भागातील आपल्या बांधवांना हे चित्र कल्पनेतले वाटणार नाही. तेथे एकाच भावकीतले एक घर मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले आणि दुसरे 1956 नंतर बौद्ध. 1990 मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राने लागू केल्या; त्याच वाड्यातील, तोच भेदभाव सोसणाऱ्या ख्रिस्ती चुलतभावाला 1950 च्या आदेशानुसार त्या आजही नाकारल्या जातात. त्यांना त्या मिळाव्यात की नाही, हा प्रश्न निघताच आपल्यातील काही जण वाटा कमी होण्याची चिंता करतात. ती चिंता मी समजू शकतो. पण आपल्या मैत्रीची कसोटी सोयीच्या जागी लागत नसते.

आता आपल्याकडे वळतो. या देशात अन्य भारतीयांच्या मेजवान्यांत आडनाव विचारले जाते आणि उत्तर ऐकून बोलणे थंडावते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. म्हणून आपण आपले वर्तुळ जपतो, आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा की त्या वर्तुळाच्या आत आपण एकमेकांचे काय लागतो? 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि 6 डिसेंबर हे दिवस आपण उत्तम साजरे करतो. उरलेल्या दिवसांचे काय?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता आहे. आमच्या कार्यालयात रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर कोणी उठावयाचे, याची पाळी लावलेली असते. त्या माणसाने पंधरा मिनिटांत उत्तर दिले नाही तर दुसऱ्याला फोन जातो. यंत्रासाठी आपण ही काळजी घेतो, कारण ‘कोणीतरी पाहील’ या भरवशावर टाकलेले काम कोणीच करीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. एकोणीस जोडलेल्या हातांचे नेमके हेच झाले. प्रत्येकाला वाटले की उरलेल्या अठरांपैकी कोणीतरी गेले असेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या गटात दर आठवड्याला दोन कुटुंबांची पाळी असावी. नवे कुटुंब आले, कोणाची नोकरी गेली, कोणी आजारी पडले, कोणाच्या घरी भारतातून मृत्यूची बातमी आली, तर त्या दोन कुटुंबांनी स्वतः जावे, जेवण घेऊन जावे आणि कारणे विचारू नयेत. कार्यक्रमांच्या वर्गणीतील काही भाग याच कामासाठी वेगळा ठेवावा, आणि घेणाऱ्याचे नाव दोघांपलीकडे जाऊ नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी वस्तीतील फूडबँकेतही महिन्यातून एकदा हात लावावा, मग ती चर्चची असो वा अन्य कोणाची. तेथे आपल्याला आपला धर्म सोडावा लागत नाही. तो आचरावा लागतो. आणि घरातील पश्चिम दिशाही विसरू नये. कार्यक्रमात समतेवर भाषण करून घरी आल्यावर पन्नास माणसांची भांडी एकट्या पत्नीसाठी ठेवणे हे समानत्ततेत बसत नाही. हे वाक्य मी सर्वप्रथम स्वतःसाठी लिहितो.

ते कुटुंब आता पामर्स्टन नॉर्थला राहते. ऑक्टोबरमध्ये त्याला तेथे काम मिळाले. जाण्यापूर्वी ते तिघे शेजारच्या बाईंना भेटावयास आले आणि त्यांच्यासाठी पुरणपोळ्या घेऊन आले. बाईंनी त्या मुलाचे बूट पाहिले आणि ते आता घट्ट होत असतील, असे म्हणाल्या.

पाळीचा कागद मी तयार केला आहे. पहिल्या आठवड्यापुढे आमच्या घराचे नाव लिहिले आहे. त्याच आठवड्याची दुसरी जागा अजून रिकामी आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.